अकरा मिनिटांचा फोन

"गॅरंटी किती दिवसांची?"

"नळाची वर्षभर, नळ वापरणाऱ्याची अजिबात नाही," असं ताई फोनवर म्हणायच्या. पलीकडचा माणूस हसला की त्या वहीत पत्ता लिहून घ्यायच्या, आणि नाही हसला तरी लिहून घ्यायच्याच, कारण ज्याच्या मोरीत पाणी तुंबलंय त्याला हसू येत नाही हे त्यांना कळत होतं.

दुकान म्हणजे दोन शटरांमधली एक चिंचोळी खोली. भिंतीला उंचीप्रमाणे टेकवलेले पाइप, खोक्यांमध्ये एल्बो, टी, वॉशर, मागच्या बाजूला आटे पाडायचं यंत्र, आणि दाराशी एक टेबल, एक खुर्ची, एक फोन. त्या खुर्चीत ताई चाळीस वर्षं बसल्या. गावातल्या अर्ध्या घरांच्या मोऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या आणि त्यातली एकही त्यांनी पाहिलेली नव्हती. लोक त्यांना फोनवाल्या ताई म्हणायचे. रस्त्यात समोरून गेल्या तर कुणी ओळखायचं नाही, पण भाजीवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की शेजारची बाई चमकून बघायची, "अगं बाई, तुम्हीच का त्या!"

दुकान त्यांच्या वडिलांचं. वडिलांना दोन मुलं, थोरली ही आणि धाकटा मुलगा. थोरली बाराव्या वर्षी पाइपाला आटे पाडायची. भिंतीला कान लावून, पाणी आत कुठे झिरपतंय ते बोट ठेवून दाखवायची. धाकट्याला वॉशर उलटा कुठला आणि सुलटा कुठला हेसुद्धा धड सांगता यायचं नाही. तरी वेळ आली तेव्हा वडिलांनी पाना त्याच्या हातात दिला आणि फोन हिच्या. म्हणाले, "बाईमाणसाला कोण आपल्या न्हाणीघरात घेणार?" झालं, विषय संपला. एवढा हुशार माणूस, पण त्या दिवशी त्यांची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. ताईंनी ते वाक्य गिळलं, पण त्यांना ते कधी पचलं नाही.

मग त्यांनी काय केलं, तर फोनवरूनच प्लंबिंग करायला सुरुवात केली.

लोकांचे प्रश्न ठरलेले. किती वाजता याल? यायचे वेगळे घेता का? फरशी फोडावी लागेल का? फोडली तर तश्शीच मिळेल का? कचरा कोण उचलणार? सुट्टीच्या दिवशी येता का? एक बाई दर वेळी विचारायची, "तुमचा माणूस चपला बाहेर काढतो ना?" आणि एका गृहस्थांना आधी हे हवं असायचं की प्लंबर बोलका आहे की गप्प, कारण बोलक्या माणसाने त्यांचं डोकं दुखायचं. ताई सगळ्यांना पुरून उरायच्या. पण सगळ्या प्रश्नांच्या शेवटी एक प्रश्न यायचाच, आणि तो ऐकला की ताई खुर्चीत सरसावून बसायच्या.

"तोवर मी काय करू?"

इथे त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. पाणी स्वच्छ येतंय की घाण? धार आहे की थेंब? कॉक कुठे आहे? उजवीकडे फिरवा, नेट लावा, कापड गुंडाळून फिरवा. आणि मग त्यांचं खास वाक्य, "फोन बंद करू नका हं. तसाच ओट्यावर ठेवा आणि जा. पाणी थांबलं की मला इथे ऐकू येतं." आणि खरोखर यायचं. पाणी अर्धं बंद झालं की त्यांना कळायचं, पुरतं बंद झालं की कळायचं, माणूस चुकीचा कॉक फिरवतोय हेही कळायचं. धाकटा चिडवायचा, "ताई, तू असंच करत राहिलीस तर मला घरी बसून लसूण सोलावी लागेल." ताई म्हणायच्या, "ते तरी धड जमेल का तुला?" भावाबहिणीचं असं चालायचं, पण त्याच्याइतकं ताईंच्या कानाचं कौतुक दुसऱ्या कुणाला नव्हतं. साइटवर अडला की तो फोन भिंतीला लावायचा आणि म्हणायचा, "ऐक जरा."

तर त्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. सिंकखालचा पाइप सुटला होता आणि स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी झालं होतं. आवाज खणखणीत, शब्द मोजके. जुन्या कचेऱ्यांमधून निवृत्त झालेली माणसं बोलतात तसा माणूस. किती वाजता येता, विचारलं. धाकटा तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्याच्या छतावर पाइप टाकत होता आणि चारशिवाय सुटणार नव्हता, हे ताईंना पक्कं माहीत होतं.

"एक-दीडपर्यंत येईल," ताई म्हणाल्या. या धंद्यात हे वाक्य सगळेच म्हणतात. चार म्हटलं की माणूस दुसरीकडे फोन लावतो.

"बरं. तोवर मी काय करू?"

सिंकखालचा कॉक गंजून बसला होता, तो काही हलेना. मग उरला टाकीजवळचा, गच्चीवर. गच्चीवर जायला मागच्या बोळातून लोखंडी शिडी.

"चढवेल ना तुम्हाला?" ताईंनी विचारलं. हो, विचारलं. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

"मी काय म्हातारा वाटलो की काय तुम्हाला?" ते म्हणाले. ताई हसल्या. तेही जरासे हसले असावेत. मग ताईंनी फोन ओट्यावर ठेवायला सांगितला आणि ते गेले.

ताई ऐकत बसल्या. पाणी जोरात होतं, फरशीवर पडून पुन्हा उडत होतं. दोन मिनिटं, चार, पाच. मध्ये मध्ये दुसरं कुणी फोन लावत असल्याची टुकटुक होत होती. सातव्या मिनिटाला धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. "शाब्बास," ताई स्वतःशीच म्हणाल्या. आता ते खाली येतील, फोन उचलतील, झालं म्हणतील, म्हणून थांबल्या. एक मिनिट गेलं, आणखी एक गेलं. टुकटुक चालूच होतं. म्हातारी माणसं फोन कुठे ठेवला ते विसरतात, किंवा आधी फरशी पुसायला घेतात. काम तर झालं होतं. ताईंनी फोन ठेवला आणि दुसरा घेतला. पलीकडे एक बाई होती, तिला शॉवरची जाळी बदलायची होती.

धाकटा चार वाजता तिथे पोचला. बेल वाजवली, कुणी दार उघडलं नाही. फोन लावला तर तो आत वाजताना ऐकू येत होता, पण उचलत कुणी नव्हतं. आता, प्लंबरच्या बाबतीत असं आठवड्यातून दोनदा होतं. लोक घाबरून तिघांना बोलावतात, जो आधी येईल त्याच्याकडून काम करून घेतात, आणि मग उरलेल्या दोघांना तोंड दाखवायला नको म्हणून दार उघडत नाहीत. धाकट्याच्या डोक्यात तेच आलं. त्याने ताईंना फोन करून चार शब्द सुनावले. ताई म्हणाल्या, "अरे, पाणी तर त्यांनीच बंद केलं, मी ऐकलंय. जाऊ दे, असतात अशी माणसं." आणि धाकटा पुढच्या कामाला गेला.

गृहस्थ मागच्या बोळात पडलेले होते. कॉक बंद करून उतरताना शिडीच्या वरच्याच पायरीवरून पाय सुटला. संध्याकाळी शेजाऱ्याने पाहिलं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन-अडीच तास तरी जीव होता.

हे सगळं ताईंना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीतल्या एका गिऱ्हाईकाकडून कळलं. बेसिनची जाळी कधी बसवता हे विचारता विचारता त्याने सांगितलं. ताईंनी जाळीचा पत्ता लिहून घेतला, फोन ठेवला, आणि त्याच पानाच्या कोपऱ्यात आकडे मांडले. बारा वीस अधिक अडीच तास. त्या पुन्हा पुन्हा तेवढंच करत राहिल्या आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं.

धाकटा आला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो आधी पांढराफटक पडला आणि मग चिडला.

"तू का त्यांना शिडीवर ढकललंस? पाणी बंद करायला ते स्वतः चढले. त्यात आपला काय दोष?"

"मी फोन ठेवला रे."

"सगळेच ठेवतात!"

"मी दीड म्हटलं आणि तू चारला गेलास."

"चारला काय आणि दीडला काय, मी बेल वाजवून परतच आलो असतो," तो बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते कळलं तसं त्याने शटर अर्धं खाली ओढलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, हात जोडतो. हे कुणाजवळ बोलायचं नाही. एकदा का गावात झालं की यांनी फोनवरून म्हातारा मारला, तर शटर खाली. मला दोन पोरी आहेत." तोही काही खोटं बोलत नव्हता.

आठव्या दिवशी दुकानात त्या घरून फोन आला. गृहस्थांची मुलगी होती, परगावी असायची. आवाज थेट वडिलांसारखा खणखणीत. घरात माणसं आहेत आणि टाकी उघडली की स्वयंपाकघरात पाणी येतं, म्हणाली. किती वाजता येता? काही फोडावं लागेल का? ताई उत्तरं देत होत्या. चाळीस वर्षांची सवय, तोंड आपोआप चालतं.

मग मुलगी म्हणाली, "एक विचारू? बाबांच्या फोनवर शेवटचं बोलणं तुमच्याशी झालेलं दिसतंय. अकरा मिनिटं."

ताईंनी वहीचं पान उलटलं.

"माझ्याशी ते दोन मिनिटांच्या वर कधी बोलले नाहीत हो. जेवलीस का, तब्येत बरी ना, ठेवतो. तुमच्याशी अकरा मिनिटं काय बोलत होते?"

आता इथे खरं सांगायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. दोन मिनिटं बोलणं, सात मिनिटं पाणी, दोन मिनिटं काहीच नाही. ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर धाकटा उभा होता, फोनवरचं बोलणं ओळखून मान नकारार्थी हलवत होता. आणि फोनवरची बाई रडू आवरत होती. घाबरलेल्या माणसाला आधी धीर द्यायचा, हा तर ताईंचा धर्मच.

"तुमच्याबद्दल बोलत होते," ताई म्हणाल्या.

"माझ्याबद्दल? काय म्हणाले?"

"म्हणाले, लेक लांब असते, पण रोज फोन करते. न चुकता."

मग मुलगी एकदम हुंदके देऊन रडायला लागली आणि "थँक्यू, थँक्यू" म्हणत तिने फोन ठेवला. धाकट्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "चांगलं केलंस," म्हणाला. "तिलाही बरं वाटलं." त्याच दुपारी जाऊन त्याने तो पाइप बसवून दिला, आणि खाली मान घालून परत आला.

ताईंना मात्र त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. फोनवर कुणी "तोवर मी काय करू" म्हटलं की त्या म्हणायच्या, "काही करू नका. बसून राहा." लोक बुचकळ्यात पडायचे. एकाने तर विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

आणखी चार दिवसांनी, सकाळी, एक पन्नाशीची बाई दुकानात आली. साधी साडी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने तोंड उघडलं आणि ताईंनी आवाज ओळखला. ताईंनी तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसल्या. धाकटा कामावर गेला होता.

"मी उद्या परत जातेय," ती म्हणाली. "जाण्याआधी तुम्हाला बघायचं होतं. खरं सांगू? चार रात्री डोळ्याला डोळा नाही. मी त्यांना रोज फोन करत नव्हते. महिन्यातून दोनदा करायचे, तोही घाईघाईत. आणि त्यांनी तुमच्यासारख्या परक्या माणसापाशी माझी लाज राखली. मी इतकी वाईट वागले आणि ते लोकांना सांगत फिरले, लेक रोज फोन करते म्हणून. हे मी आता जन्मभर कसं सोसू, सांगा."

ताईंनी आयुष्यात पुष्कळ गळत्या ऐकल्या होत्या, पण आपण दिलेला धीर एखाद्याच्या अंगावर असा उलटलेला त्यांनी पाहिला नव्हता. फोनवर माणसाचा चेहरा दिसत नाही. समोर बसलेल्या बाईचा चेहरा दिसत होता, आणि तो जन्मभर असाच राहणार हेही दिसत होतं. धाकट्याच्या दोन पोरी त्यांना आठवल्या. वडिलांचं नाव असलेली पाटी आठवली. तरी त्यांनी सांगितलं.

"ते तसं म्हणाले नव्हते. ते मी बनवलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."



मग ताईंनी एकेक करून सगळं सांगितलं. एक-दीडची थाप, गंजलेला कॉक, शिडी, ओट्यावर ठेवलेला फोन, थांबलेलं पाणी. चार वाजता वाजलेली बेलही त्यांनी लपवली नाही. मध्ये दोनदा फोन वाजला, त्यांनी तो उचलला नाही. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असेल. "मी पाण्याकडे कान लावून होते," त्या म्हणाल्या. "माणूस खाली आला का, हे मी ऐकलंच नाही. माझं चुकलं. तुम्हाला जे करायचं ते करा, पोलिसांकडे जायचं तर मी बरोबर येते."

शिव्या येतील, निदान रडणं तरी येईल, असं ताईंना वाटत होतं. दोन्ही आलं नाही. मुलगी मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली.

"किती वाजता ठेवलात फोन?" तिने शेवटी विचारलं.

"बारा एकवीसला."

"मी पाऊण वाजता केला होता," ती म्हणाली. "त्यांच्या फोनमध्ये तोही दिसतोय, मीच तो कुणाला दाखवला नाही. मागच्या खेपेला आमची बोलाचाली झाली होती. घर विका आणि माझ्याकडे या, असं मी म्हणाले, तर त्यांनी फोन आपटला होता. म्हणून त्या दिवशी उचलला नाही तेव्हा मला वाटलं, मुद्दाम उचलत नाहीत. रुसलेत. म्हटलं, रुसू देत." तिने पट्टा सोडवला. "शेजाऱ्यांचा नंबर होता माझ्याकडे. लावला नाही."

ताईंना तिचा हात धरावासा वाटला, पण तो धरायचा हक्क आपल्याला राहिलाय का, हे त्यांना कळेना. रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि भिंतीला टेकलेले पाइप थरथरले.

"पाणी थांबल्यावर दोन मिनिटं तुम्ही ऐकत होतात ना?" मुलगी एकदम म्हणाली. "स्वयंपाकघराची खिडकी त्याच बोळात उघडते. ती उघडीच असते. ते ओरडले असते तर तुम्हाला ऐकू आलं असतं?"

"आलं असतं."

"मग मारली होती त्यांनी हाक? कुणाचं नाव घेतलं?"

"नाही," ताई म्हणाल्या. "काही आवाज आला नाही. देवाशपथ." आणि हे अगदी खरं होतं. त्या दोन मिनिटांत एक थेंबसुद्धा वाजला नव्हता, ताईंनी ती दोन मिनिटं या बारा दिवसांत शेकडो वेळा ऐकून पाहिली होती.

मुलीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिला विश्वास ठेवायचा होता, ते दिसत होतं.

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय का?"

"नाही हो. खरंच नाही."

"त्या दिवशीही तुम्ही अशाच आवाजात सांगितलं होतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती उठली, खुर्ची टेबलाखाली सरकवली, आणि दारात जाऊन पुन्हा वळली. काही विचारायचं असावं, पण विचारून उपयोग नाही हे तिच्या लक्षात आलं असावं. ती पायरी उतरून रस्त्याला लागली. ताई खोक्यावरच बसून राहिल्या.